क्रूझर घ्यावी कशी, सजवावी किती, न्यावी कुठे

रेट्रो क्रूझर म्हणजे रूपाने जुनी आणि यंत्राने आजची मोटारसायकल. गोल हेडलाइट, पुढे फुगीर व मागे निमुळती टाकी, बुटकी रुंद सीट, मागे रेललेले हँडल आणि पुढे सरकवलेले फूटरेस्ट ही तिची बाह्य ओळख. आत मात्र फ्युएल इंजेक्शन, एबीएस आणि डिस्क ब्रेक असतात. भारतात या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०. याच कंपनीच्या आधीच्या थंडरबर्डची जागा घेण्यासाठी ती नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. पुण्याच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर हे त्याआधीपासूनचे, अधिक स्वस्त आणि हलके उदाहरण. जानेवारी २०२३ मध्ये दोन सिलिंडरची सुपर मीटिऑर ६५० आली आणि ही श्रेणी वरच्या बाजूने वाढली. पुढील विवेचनात मुख्य उदाहरण मीटिऑरचे घेतले असले तरी बहुतेक बाबी या प्रकारातल्या कोणत्याही गाडीला लागू पडतात.

बैठक आणि ओढ

क्रूझरचे सगळे गुणदोष दोन गोष्टींतून येतात: इंजिनाची खालच्या फेऱ्यांतली ओढ आणि चालकाची बैठक. मीटिऑरच्या ३४९ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिमी आणि पिस्टनची धाव ८५.८ मिमी आहे. धाव व्यासापेक्षा मोठी असलेले इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी फेऱ्यांतच जोर देते. या इंजिनाची २७ न्यूटन-मीटर ही कमाल ओढ ४,००० फेऱ्यांवर मिळते, तर सुमारे २० अश्वशक्तीची कमाल शक्ती ६,१०० फेऱ्यांवर. त्यामुळे गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत आणि ताशी ८० ते ९० किमीच्या वेगाला गाडी दिवसभर सुखाने चालते. शंभराच्या पुढे मात्र हाताशी उरलेली ताकद थोडी असते. ट्रक ओलांडायचा तर समोरचा रस्ता बराच लांबवर मोकळा असावा लागतो.

बैठकीचा परिणाम याहून खोल आहे. साध्या बाईकवर फूटरेस्ट शरीराच्या खाली असतात. खड्डा दिसला की चालक त्यांवर भार देऊन सीटवरून किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे असे उठता येत नाही. प्रत्येक धक्का माकडहाड आणि कंबरेपर्यंत पोहोचतो. शिवाय हात उंच व पसरलेले असल्याने छाती वाऱ्याला थेट सामोरी जाते. सीट, मागचे शॉकअप आणि विंडस्क्रीन या तीन गोष्टींना क्रूझरवर इतके महत्त्व का, याचे उत्तर इथे आहे.

निवड करताना

पहिली कसोटी वजनाची. मीटिऑर १९१ किलोची आहे, तर सुपर मीटिऑर २४१ किलोची. चालू गाडीत हा फरक जाणवत नाही. पार्किंगच्या चढावर गाडी मागे ढकलताना, वाळूत किंवा ओल्या फरशीवर ती सावरताना तो जाणवतो. म्हणून शोरूमभोवती चक्कर मारून निर्णय घेऊ नये. गाडी बंद ठेवून ती ढकलून, वळवून, मेन स्टँड असल्यास त्यावर चढवून पाहावी.

दुसरी कसोटी उंचीची. मीटिऑरची सीट ७६५ मिमी आणि सुपर मीटिऑरची ७४० मिमी उंच आहे. त्यामुळे मध्यम किंवा कमी उंचीच्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. फार उंच व्यक्तीचे गुडघे मात्र वर येतात आणि तासाभरात मांड्या अवघडतात. बुटक्या सीटची किंमत जमिनीपासूनच्या अंतरात मोजावी लागते. मीटिऑरखाली १७० मिमी जागा आहे, सुपर मीटिऑरखाली केवळ १३५. डबलसीट आणि सामान असताना आपल्याकडच्या गावठी स्पीडब्रेकरवर हा फरक पोटाला घासून कळतो.

तिसरी बाब चाकांची. अलॉय चाकांवर ट्यूबलेस टायर असतात. पंक्चर झाले तर चाक न काढता दोरी भरून पुढे जाता येते. आऱ्यांची चाके रेट्रो रूपाला शोभतात, पण त्यांच्यात बहुधा ट्यूब असते आणि आडवाटेला पंक्चर झाल्यास चाक उतरवावेच लागते. लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर अलॉय घ्यावीत.

चौथी बाब कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील दुचाकींवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे साडेतीनशे आणि साडेसहाशे यांतली दरी पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. बहुतांश प्रवास घाट, राज्यमार्ग आणि शहरात होणार असेल तर साडेतीनशे सीसी पुरेसे आहे. सतत डबलसीट आणि चौपदरी हायवेवर लांबचे पल्ले असतील तरच मोठ्या इंजिनाचा पैसा वसूल होतो.

खरेदीपूर्वी एक दिवस गाडी भाड्याने घेऊन दीडशे-दोनशे किमी चालवणे हा सर्वांत स्वस्त सल्ला होय. गोव्यात आणि मोठ्या शहरांत अशा गाड्या मिळतात. भाड्याच्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात, हे पाहूनच ती घ्यावी.

देखभाल

नव्या गाडीची पहिली सर्व्हिस ५०० किमीच्या आसपास असते. ती चुकवू नये, कारण आरंभीच्या घर्षणातले धातूचे बारीक कण ऑइलबरोबर याच वेळी बाहेर पडतात. पहिल्या दोन हजार किमीपर्यंत थ्रॉटल पूर्ण पिळणे, बराच वेळ एकाच वेगाने चालवणे आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवणे टाळावे.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल हे थंड करण्याचेही काम करते. म्हणून त्याची पातळी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाहावी. इंजिन थोडे चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि गाडी सरळ उभी असताना पातळी तपासावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत ती चुकीची दिसते. चेन सुमारे ५०० किमीला, पावसात त्याहून लवकर, साफ करून तिला ल्यूब द्यावे. चेनचा सैलपणा पुस्तिकेतल्या मापाइतका ठेवावा. फार ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते, तर फार सैल चेन गिअर बदलताना झटके देते.

क्रोम हे रेट्रो गाडीचे सौंदर्य आणि किनारपट्टीवरचे दुखणे. खाऱ्या वाऱ्यात सायलेन्सर, आऱ्या आणि नटबोल्ट गंजतात. कोकण किंवा गोव्याहून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून क्रोमवर मेणाचे पॉलिश द्यावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. अर्धवट टाकीत हवेतला ओलावा साठतो आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल तो शोषून घेते.

बदल: आधी शरीर, मग सामान, शेवटी शोभा

गाडी घेतल्यावर पहिला खर्च सायलेन्सरवर होतो आणि तिथेच हिशेब चुकतो. खर्चाचा योग्य क्रम शरीरापासून सुरू होतो.

सर्वांत आधी सीट. फोमची जाडी नव्हे, त्याची घनता महत्त्वाची. मऊ सीट शोरूममध्ये छान वाटते आणि शंभर किमीनंतर बसते. टूरिंग सीट घट्ट आणि बैठकीला रुंद असावी. मागे बसणाऱ्याला पाठटेका दिल्याने डबलसीट प्रवासाचा पल्ला सहज वाढतो. त्यानंतर विंडस्क्रीन. तिची वरची कड चालकाच्या नजरेच्या खाली असावी, म्हणजे रस्ता काचेवरून दिसतो. काच फार बुटकी असेल तर छातीवरचा वारा उचलून हेल्मेटवर आदळतो आणि मान दुखते.

मागच्या दोन्ही शॉकअपचा ताण पाना लावून वाढवता येतो. मीटिऑरमध्ये त्याचे सहा टप्पे आहेत. एकट्यासाठी खालचे, डबलसीट व सामान असताना वरचे टप्पे वापरावेत. दोन्ही बाजूंना टप्पा सारखाच ठेवावा. फुकट होणारी ही जुळणी बहुतेक मालक कधीच करत नाहीत.

हँडल उंच किंवा मागे करणारे रायझर बसवल्यावर केबल व ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे तपासावे. त्यासाठी गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. तसे करताना इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या तर थ्रॉटलची केबल ताणली जात आहे. अशी गाडी यू-टर्न घेताना आपोआप उसळी घेईल.

दुसरा टप्पा संरक्षणाचा आणि सामानाचा. लेग गार्ड आणि इंजिनाखालची पत्रा-ढाल उपयोगी आहेत. सॅडल बॅग नुसत्या सीटवर टाकू नयेत. आधार देणारे लोखंडी दांडे बसवून त्यांवर अडकवाव्यात, नाहीतर त्या चाकात किंवा सायलेन्सरवर जातात. जादा दिवे लावायचे तर गाडीची मूळ वायर कापू नये. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, फ्यूज, रिले आणि स्वतंत्र बटण घ्यावे. दिव्यांचा झोत खाली, डाव्या कडेला ठेवावा आणि समोरून वाहन आले की ते बंद करावेत. कापलेल्या वायरिंगमुळे वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि पावसाळ्यात बिघाडही तिथूनच सुरू होतो.

शोभेचे बदल शेवटी. आरसे, ग्रिप, टाकीवरचे पट्टे, सीटचे कव्हर यांना कोणाची हरकत नसते. मागचा टायर मात्र केवळ भरदार दिसावा म्हणून रुंद करू नये. रिमला न साजणाऱ्या टायरचा माथा विकृत होतो, गाडी वळायला जड जाते आणि टायर चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो.

कायद्याची रेघ

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याला दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज व धुराची मर्यादा मोडल्यास कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरणे अशी शिक्षा होऊ शकते. जागेवर वसूल होणारे तडजोड शुल्क राज्यागणिक वेगळे असते.

व्यवहारात याचा अर्थ असा. चासी कापणे, दुसरे इंजिन बसवणे, इंडिकेटर किंवा मागचे मडगार्ड काढून टाकणे, नंबरप्लेट वाकवणे किंवा तिच्यावर नक्षीदार अक्षरे घालणे हे बेकायदा आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताचा दांडा, फूटरेस्ट आणि चाकावरचे संरक्षक आवरण, म्हणजेच साडी गार्ड, नियमानेच आवश्यक आहे. मागचा भाग मोकळा असलेल्या बॉबर बाईकसारखे रूप हवे म्हणून ते काढता येत नाही. गाडीचा मूळ रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा रंग नोंदवून घ्यावा लागतो.

मोकळ्या सायलेन्सरबद्दल वेगळे सांगायला हवे. बीएस-६ गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या मार्गातच असतात. त्या मार्गाची रचना बदलली की इंजिनाचा संगणक पेट्रोलचे प्रमाण चुकीचे ठरवू शकतो, गाडी फटाके फोडते आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ, म्हणजे क्रूझरचा मुख्य गुणच, कमी होतो. पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये महाराष्ट्रातल्या शहरांत नवी नाहीत. जे काही कायदेशीर बदल केले असतील ते विमा कंपनीला लेखी कळवावेत. न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो.

प्रवासाची बांधाबांध

सामानाचा नियम सोपा आहे: जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे. दोन्ही सॅडल बॅगांचे वजन सारखे असावे. मागच्या कॅरिअरवर जड पिशवी बांधली की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल डगमगू लागते. लवचिक बंजी दोरीपेक्षा बकलचे पट्टे चांगले, कारण ते धक्क्याने सैल पडत नाहीत. सामान बांधल्यावर टायरची हवा डबलसीटच्या मापाने भरावी आणि हेडलाइटचा झोत पुन्हा खाली घ्यावा, कारण मागचा भाग दबला की झोत वर जातो.

सोबत ठेवायचा संच छोटा असला तरी चालतो. गाडीबरोबर मिळालेली हत्यारे, पंक्चरची दोरी व हवेचा छोटा पंप, क्लचची जादा केबल, फ्यूज, स्पार्क प्लग, चेन ल्यूब, प्लॅस्टिकचे बंद आणि प्रथमोपचार पेटी पुरेशी असते. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालतात, पण रेंज नसलेल्या घाटासाठी कागदी प्रत जवळ असावी. अपघातात ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचे असावे, चालकाचे आणि मागे बसणाऱ्याचेही. रेट्रो रूपाला शोभतात म्हणून घेतलेली अर्धी हेल्मेट हनुवटी उघडी टाकतात. खांदे, कोपर व पाठीला संरक्षक असलेले जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांवरचा खर्च क्रोमच्या सामानाआधी करावा.

रस्ता आणि वेळ

महाराष्ट्रात मार्ग आखताना दुचाकीला कुठे बंदी आहे हे आधी पाहावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता यांवर दुचाकी नेता येत नाही. मुंबई-पुणे प्रवासासाठी जुना महामार्ग आहे.

क्रूझरच्या चालीला सर्वांत जुळणारा मार्ग म्हणजे कोकणचा सागरी रस्ता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडी नेता येते. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला फेरीने दिघी गाठावी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या आणखी तीन फेऱ्यांनी खाड्या ओलांडल्या की गणपतीपुळे येते. त्यापुढे रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी आणि नंतर गोवा. हा रस्ता अरुंद आणि सतत चढउताराचा आहे. तासाला तीस-पस्तीस किमीचीच सरासरी पडते आणि क्रूझरला तेवढी पुरते. मुंबई ते गोवा यासाठी चार दिवस ठेवावेत. पंप मोठ्या गावांतच मिळतात, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरावी.

गोव्याला थेट जायचे असेल तर पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा सुमारे ४५० किमीचा मार्ग आहे. एका दिवसाच्या सरावासाठी पुणेकरांना ताम्हिणी, सातारा-कराडकरांना कुंभार्ली आणि कोल्हापूरकरांना गगनबावडा किंवा आंबा घाट जवळचा. पावसाळ्यात दरडीमुळे वरंध्यासारखे घाट बंद ठेवले जातात, म्हणून निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहावी. शेवाळलेल्या कडा, जांभ्याचा लाल चिखल आणि धुके यांमुळे या दिवसांत घाटरस्ता कोरड्या काळापेक्षा निम्म्या वेगाने चालवावा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसता ब्रेक दाबून उतरल्यास तो तापून निकामी होऊ लागतो. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे, कारण क्रूझर फार कलत नाही आणि तिचा फूटरेस्ट लवकर रस्त्याला टेकतो. ऊस गाळपाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. त्या काळात अंधारानंतरचा प्रवास टाळलेलाच बरा.

एका दिवसाचा पल्ला चौपदरी रस्त्यावर ४०० किमी आणि घाट-कोकणात दीडशे ते २०० किमी धरावा. पहाटे निघावे, दीड तासाला एकदा उतरून कंबर मोकळी करावी, पाणी प्यावे आणि दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठावा. गटाने जाताना अनुभवी चालक पुढे व दुसरा अनुभवी चालक सर्वांत शेवटी ठेवावा, आणि बाकीच्यांनी एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून अंतर राखावे. नवशिक्याला पुढच्या चालकाच्या लगेच मागे ठेवावे आणि गटाचा वेग त्याच्या सोयीने ठरवावा.

क्रूझर घेणाऱ्याने वेगाची अपेक्षा शोरूमबाहेर ठेवावी. सीट, टायर, ब्रेक आणि हेल्मेट यांवर आधी खर्च करावा, गाडीचा मूळ सायलेन्सर तसाच ठेवावा आणि प्रवासाचा दिवस छोटा आखावा. एवढे पाळले तर साडेतीनशे सीसीची साधी गाडीही वर्षानुवर्षे आणि हजारो किलोमीटर सुखाने साथ देते.